कुणालाही सुचलं असतं म्हणे

तेक्ला म्रोझ भांडखोर आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ती उगाच भांडते असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आम्ही दोघी एकाच गल्लीत वाढलो. तिचे वडील आणि माझे वडील पितळेच्या एकाच कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, वडील गेले, आणि तेक्लाने फ्रँकिंग यंत्रं दुरुस्त करायची नोकरी धरली. टपालाच्या पाकिटावर तिकिटाऐवजी लाल शिक्का उमटवतात, ती यंत्रं. नॉगटक नदीच्या खोऱ्यात वरपासून खालपर्यंत जेवढ्या बँका, विमा कंपन्या, वकिलांची ऑफिसं होती तिथे ती हत्यारांची पेटी घेऊन जायची. बाईमाणसाला हे काय जमणार, असं मनात म्हणणारे पुष्कळ होते. तोंडावर म्हणणारा एकच निघाला, आणि त्याच्या ऑफिसातल्या पोरींना महिनाभर जिभेने तिकिटं चाटून लावावी लागली. लग्नाचं कुणी काढलं की ती म्हणायची, "मला दुरुस्तीला यंत्रं पुरेशी आहेत."

आता मुद्द्यावर येते. गावाबाहेर टेकडीवर ब्रॅडवेल कंपनी. ही असली यंत्रं तिथेच बनतात आणि अर्ध्या गावाची चूल तिच्यावर पेटते, आमचीही. माझा नवरा काझिक तिथे माल चढवायच्या खात्यात होता. तर ह्या कंपनीला कळून चुकलं होतं की यंत्रांचे दिवस भरत आले, पुढे लोक घरच्या कॉम्प्युटरवरच टपालाचं तिकीट छापणार. पण साध्या काळ्या शाईत छापलेलं तिकीट कुणीही झेरॉक्सवर टाकील आणि एकाची शंभर करील. इथे त्यांचं घोडं अडलं होतं. शाई बदलून पाहिली, कागद बदलून पाहिला. शिकलेली, टाय लावलेली माणसं वर्षानुवर्षं त्या काचेच्या इमारतीत बसून डोकं खाजवत होती.

तेक्लाला ते सुचलं, आणि ते कुठून सुचलं ते ऐका.

आमच्या सेंट किंगा चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारी पिएरोगींचं जेवण असतं. पिएरोगी म्हणजे करंजीसारख्या, आत बटाट्याचं नाहीतर आंबवलेल्या कोबीचं सारण, उकडून मग लोण्यात परतलेल्या. सारा गाव येतो. पूर्वी आम्ही तिकिटं विकायचो, साध्या कागदावर छापलेली. मग गावच्या लायब्ररीत झेरॉक्सचं मशीन आलं आणि डुडेकांच्या पोरांनी तिकिटांच्या नकला काढून फुटबॉलची अख्खी टीम जेवायला आणली. फादर झिग्मंट हताश झाले. म्हणाले, जेवणच बंद करू. तेव्हा तेक्लाची आई, गेनोवेफामावशी, पीठ मळता मळता म्हणाली, "बंद कशाला करायचं? तिकीट विकतानाच त्यावर आडनाव लिहायचं, कितवा शुक्रवार ते लिहायचं, आणि काय खाणार ते लिहायचं. दारात फळ्यावर तेच मांडायचं. वाढलं की पुसायचं. मग काढा म्हणावं नकला. नोवाकांच्या दोन प्लेट कोबी एकदा पुसल्या की दुसरे नोवाक आले तरी बाहेर."

डुडेकांची पोरं पुढच्या शुक्रवारपासून पैसे देऊन जेवायला लागली.

तेक्लाचं म्हणणं एवढंच होतं, की टपालाच्या तिकिटाचंही तेच करा. ज्याला पत्र जायचंय त्याचा पत्ता आणि तारीख त्या छापील खुणेतच गुंफून टाका. मग नक्कल काढून करणार काय? ती त्याच पत्त्यावर, त्याच दिवशीच चालणार. दुसरं पाकीट आलं की टपालखात्याचं मशीन ओळखेल. ती खूण बनवायची कशी, वाचायची कशी, ह्यात तिने आपल्या गॅरेजमध्ये तीन हिवाळे घालवले, साठवलेले पैसे घालवले आणि वकिलाकडून रीतसर पेटंट घेतलं. चौकट करून गॅरेजच्या भिंतीवर टांगलं. ब्रॅडवेलला पत्र लिहून दाखवायलाही गेली होती. त्यांनी कॉफी पाजली, आभार मानले, कळवतो म्हणाले.

कळवलं नाही. दोन वर्षांनी बाजारात त्यांचं, कॉम्प्युटरला जोडून तिकीट छापायचं, नवं यंत्र आलं. तेक्लाने एक विकत घेतलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं आणि मला फोन केला. "स्टेफ्का, इकडे ये. माझी वस्तू मला परक्या डब्यात सापडली आहे."

तिने खटला भरला. गावात काय झालं असेल ते सांगायला नको. रविवारची प्रार्थना, मिस्सा, संपल्यावर जी माणसं तिच्याभोवती घुटमळायची, ती पार्किंगकडे पळायला लागली. कंपनीवर खटला म्हणजे आपल्याच ताटात माती कालवणं, असं काझिकसुद्धा म्हणाला. त्याला मी म्हटलं, "तुझ्या ताटात मी काय वाढते ते आधी बघ, मग मातीचं बोल." पुढचे चार दिवस मी त्याला विकतचं डब्यातलं सूप दिलं.

कंपनीने चोरी केली नाही असं कंपनी म्हणालीच नाही. ही त्यातली गंमत. ती म्हणाली, पेटंटच खोटं. कायदा असा आहे, की त्या धंद्यातल्या साध्यासुध्या माणसाला जे सहज सुचेल, त्यावर पेटंट मिळत नाही. चुकून दिलं असेल तर रद्द होतं. कंपनीचा वकील एल्सवर्थ, चांदीसारखे केस, बोलणं लोण्यासारखं. त्याचं एकच पालुपद होतं, की ह्यात नवं काय, हे कुणालाही सुचलं असतं. तेक्लाला चोर म्हटलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण हे ऐकून तिच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या चार वर्षं उतरल्या नाहीत.

खटल्याआधी दोन्हीकडचे वकील बसवून शपथेवर जबानी घेतात. एल्सवर्थने विचारलं, "मिस म्रोझ, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" अगदी गोडीत विचारलं. आणि आमच्या लोकांची खोड अशी, की चर्चच्या स्वयंपाकघराचं कुणी नाव काढलं की आम्हाला भान राहत नाही. तेक्लाने त्याला सगळं सांगितलं. आई, फळा, डुडेकांची पोरं, फुटबॉलची टीम. कोबी किती दिवस आंबवायचा तेही सांगितलं. एल्सवर्थ मान डोलवत लिहून घेत होता. तिच्या शेजारी तिचा वकील फिनर्टी पांढराफटक पडला होता.

फिनर्टी वॉटरबरी शहरातला, मनाने चांगला, पण घाबरट. त्याच रात्री तो तिच्या घरी आला. मीही होते.

"मिस म्रोझ, तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांना दोरी दिलीत," तो म्हणाला. "आता ते म्हणणार, युक्ती चर्चमध्ये होतीच, छापायचं यंत्र बाजारात होतंच, दोन्ही एकत्र केलं तर त्यात अक्कल कसली?"

"मग? खरं होतं ते सांगितलं."

"एक वाट आहे. तुमच्या आईने तिकिटावर नावं लिहायला कधी सुरुवात केली, हे वर्ष तुम्हाला नक्की आठवत नाही, असं दुरुस्त करून देऊ. कदाचित तुमच्या पेटंटच्या नंतरही असेल. तसं जुनं तिकीट कुणाकडे शिल्लक नाहीये. तुम्हाला आठवत नसेल तर कुणी काही म्हणणार नाही."

तेक्ला उठली आणि तिने त्याचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला.

"फिनर्टी, माझी आई जिवंत आहे. मठातल्या नन्सकडे खाटेवर आहे. दर रविवारी मी तिच्याकडे जाते. तिचं श्रेय टेकडीवरच्या लोकांनी नाकारलं तर मी समजू शकते. मीच कोर्टात उभी राहून म्हणू की मला आठवत नाही?"

"पण पेटंट जाईल."

"गेलं तर त्यांनी घेतलेलं असेल. मी दिलेलं नसेल."

फिनर्टी बिचारा कोट घालून दारात उभा राहिला. मला वाटलं आता हा वकीलपत्र सोडतो. पण तो म्हणाला, "निदान सुनावणीत तरी कोबीचं काढू नका." मी त्याला दोन डबे भरून दिले. त्या पोराला घरी करून घालणारं कुणी नव्हतं.

सुनावणी लागली तेव्हा मी रोज तेक्लाबरोबर गेले. काझिक बोलायला लागला होता की त्याच्या नोकरीचं काय होईल. मी म्हटलं, जे व्हायचं ते होईल. आठ जणांची ज्यूरी होती, किनाऱ्याकडच्या गावांमधली, आमच्या ओळखीचं कुणी नाही. एक शाळेची बस चालवणारी बाई, एक दाढीवाला सुतार, बाकीचे असेच.

कंपनीचा मुख्य साक्षीदार वॉरन टट्टल. कंपनीचा जुना इंजिनियर, उंच, वाकलेला, सज्जन माणूस. त्याला आम्ही चांगलं ओळखत होतो. तो आमच्या पंथाचा नव्हता, पण आमच्याकडे जेवायला पंथ विचारत नाहीत. दर वर्षी बायकोपोरांना घेऊन यायचा. त्याला ह्या कामाला जुंपलेलं बघून मला वाईट वाटलं. रागही आला, कारण सज्जन माणसं नेमकी असल्या वेळी मान खाली घालून हो म्हणतात.

एल्सवर्थने त्याच्याकडून वदवून घेतलं, की ह्या धंद्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी माणसाला चर्चचं तिकीट दाखवलं असतं तर पुढची पायरी आपोआप सुचली असती. आणि मग हुकमाचा पत्ता टाकावा तसं त्याने ते काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जुनं, तेलकट डाग पडलेलं तिकीट. सेंट किंगाचं. तेक्लाच्या पेटंटच्या चार वर्षं आधीचं, वर वर्ष छापलेलं.

फिनर्टीला त्याची झेरॉक्स आधी पाठवली होती, पण ती इतकी काळी होती की वर्षापलीकडे काही लागत नव्हतं. आता ते ज्यूरीसमोर मोठं करून पडद्यावर लावलं. एल्सवर्थ फारच खुशीत होता. "बघा," तो म्हणाला, "नाव, दिवस, जिन्नस. सगळं आहे. मिस म्रोझनी ह्यात काय घातलं?"

तेक्लाने जर वर्ष आठवत नाही म्हटलं असतं तर त्या क्षणी तिथेच तिची धूळधाण उडाली असती. आणि तेक्ला बघते तर पडद्याकडे. नीट, डोळे बारीक करून. मग तिने फिनर्टीची बाही धरून ओढली आणि त्याच्या कानात म्हणाली. तिचं कानात म्हणणं म्हणजे पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. "त्यावर नाव कुणाचं आहे, ते विचार त्याला."

फिनर्टी उठला.

"टट्टलसाहेब, हे तिकीट कंपनीला कुठे मिळालं?"

"माझ्या घरी. बायकोच्या पाककृतींच्या डब्यात होतं."

"त्यावरचं नाव वाचता का जरा मोठ्याने?"

वॉरनने चष्मा लावला. "टट्टल," तो म्हणाला. "तिसरा शुक्रवार. तीन बटाटा, दोन कोबी."

"म्हणजे तुमचंच. हे हातात घेऊन तुम्ही रांगेत उभे होतात?"

"हो. दर शुक्रवारी."

"त्या वर्षी कंपनीत तुमच्याकडे काम कोणतं होतं?"

एल्सवर्थने हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी त्याला हाताने खाली बसवलं. वॉरनने तेक्लाकडे एकदा पाहिलं.

"नक्कल करता येणार नाही असं तिकीट शोधायचं," तो म्हणाला. "माझ्या अख्ख्या विभागाला तेच काम होतं. सात वर्षं."

"आणि विभागातली माणसं जेवायला कुठे जायची?"

"निम्मी तिथेच. सेंट किंगाला."

"मग तुम्हाला सुचलं?"

"नाही."

"बाकी कुणाला?"

"नाही." मग कुणी न विचारताच तो म्हणाला, "खरं सांगायचं तर मला वाटायचं, त्या बाईंना माझं आडनाव लक्षात राहत नाही, म्हणून लिहून घेतात."

ज्यूरीतली बस चालवणारी बाई हसली. सुतारानेही दाढीवरून हात फिरवला. एल्सवर्थ मात्र तोंडात मारल्यासारखा बसून राहिला. आपणच आणलेल्या तिकिटावर आपल्याच साक्षीदाराचं नाव आहे हे त्याला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं, पण त्याला वाटलं नाव आहे तेवढा पुरावा पक्का. माणूस स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला की असंच होतं.

शेवटच्या भाषणात त्याने पुन्हा तेच पालुपद लावलं. फिनर्टीने भाषण फार लांबवलं नाही. "माझ्या अशिलाने काही लपवलं नाही," तो म्हणाला. "युक्ती आईची होती हे तिनेच सांगितलं. ती सगळ्यांच्या हातात होती. पोटातही गेली. डोक्यात एकाच्याच गेली." मला तर तिथेच उठून त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

ज्यूरी दुपारी आत गेली आणि चहा थंड व्हायच्या आत बाहेर आली. सहज सुचण्यासारखी गोष्ट नव्हती, पेटंट खरं, कंपनीने ते वापरलं. तेक्ला रडेल असं मला वाटलं होतं. रडले मी. ती सरळ वॉरनकडे गेली. तो भिंतीला टेकून उभा होता, आता ही काय बोलते ह्या भीतीने.

"वॉरन," ती म्हणाली, "खरं बोलायला तुला अवघड गेलं असेल. पुढच्या शुक्रवारी ये. पण तिकिटाचे पैसे घेणार."

पैशांचं मला विचारू नका. कंपनीने वरच्या कोर्टात जायची धमकी दिली, मग वाटाघाटी झाल्या, फिनर्टीचे गेले, सरकारचे गेले, आणि राहिलं त्यात तेक्लाने नवी गाडी घेतली आणि चर्चच्या तळघराला नवी शेगडी. करारात कंपनीला एक वाक्य घालायचं होतं, की ही कल्पना सर्वसाधारण होती हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्या वाक्यासाठी ते जास्त रक्कम द्यायला तयार होते. फिनर्टीने विचारलं, काय करू? तेक्ला म्हणाली, "खोड. आणि खोडलंयस ते त्यांना दिसू दे." काझिकची नोकरी मात्र गेली नाही. उगाच घाबरत होता.

निकालाच्याच संध्याकाळी आम्ही मठात गेलो. गेनोवेफामावशी उशीला टेकून बसली होती, कानाचं यंत्र बशीत काढून ठेवलेलं. तेक्लाने ते तिच्या कानात बसवलं आणि म्हणाली, "आई, जिंकलो."

"काय? बिंगो?"

मग तेक्लाने सगळं सांगितलं. कोर्ट, एल्सवर्थ, पडद्यावरचं तिकीट, टट्टल. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पांघरुणावरून हात झटकला.

"तिकिटावर नाव लिहायचं, एवढ्यासाठी चार वर्षं?" ती म्हणाली. "अगं, त्यात डोकं कसलं लागतं. मी नसते तर दुसरं कुणी लिहिलं असतं."

तेक्लाने खुर्ची ओढली आणि आईच्या अगदी पुढ्यात बसली.

"नाही आई. दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. फादर तर जेवणच बंद करायला निघाले होते. स्टेफ्का तिथेच पिएरोगी दुमडत होती, तिला सुचलं नाही, मला सुचलं नाही. टेकडीवरची माणसं सात वर्षं पगार घेऊन बसली होती, त्यांनाही नाही सुचलं. तूच लिहिलंस. आठ माणसांनी शपथ घेऊन सांगितलंय. आता तूसुद्धा उलटं बोलायचं नाहीस."

मावशीने पांघरूण नीट ओढून घेतलं.

"आठ जण?" तिने विचारलं.

"आठ."

"त्यात आपले किती?"

"एकही नाही."

मावशीने माझ्याकडून पाठीमागची उशी सरळ करून घेतली आणि ताठ बसली. दारातून औषध घेऊन आलेल्या ननला तिने थांबवलं, मनगटाला धरून जवळ घेतलं आणि म्हणाली, "बस जरा. माझी मुलगी काय सांगतेय ते ऐक. पहिल्यापासून सांग गं तेक्ला, हिला काही माहीत नाही."